विद्युत्‌वाहकतेनुसार पदार्थांचे वर्गीकरण

पदार्थातून विद्युत्‌प्रवाह किती सहज वाहतो, यावरून पदार्थांचे सुवाहक, अर्धवाहक आणि विसंवाहक असे तीन मुख्य वर्ग केले जातात. ठाणे स्थानकातून धावणाऱ्या लोकलमध्ये हे तिन्ही वर्ग एकाच वेळी कामाला लागलेले असतात: डोक्यावरची २५,००० व्होल्टची तांब्याची तार, तिला खांबापासून अलग ठेवणारे इन्सुलेटर आणि मोटारींना हव्या त्या रूपात वीज पुरवणाऱ्या कन्व्हर्टरमधील सिलिकॉनची उपकरणे.

सुवाहक आणि विसंवाहक यांतला भेद पद्धतशीरपणे प्रथम दाखवला तो स्टीफन ग्रे या इंग्रज संशोधकाने, १७२९ मध्ये. तागाच्या लांब दोरीतून विद्युत्‌भार दूरवर नेताना त्याने दोरी रेशमी धाग्यांवर टांगली तेव्हा प्रयोग साधला. धाग्यांऐवजी पितळेची बारीक तार वापरताच भार निसटून गेला. म्हणजे टेकूची जाडी नव्हे, तर तो कशाचा आहे हेच निर्णायक होते. तागाची दोरी भार वाहून नेऊ शकली ती मुख्यतः तिच्यातील ओलाव्यामुळे, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घेतली, तर २०° सेल्सिअसला तिचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, सुमारे ०.०१७ ओहम भरतो. चांदीचा त्याहून किंचित कमी, तर ॲल्युमिनियमचा सुमारे ०.०२७ ओहम असतो. तरीही ॲल्युमिनियम वजनाला हलके असल्याने उच्चदाबाच्या वाहिन्यांमध्ये पोलादी गाभ्याभोवती त्याच्याच तारा गुंफतात. तेवढ्याच मापाच्या शुद्ध सिलिकॉनचा रोध अब्जावधी ओहम होतो आणि काचेचा त्याच्याही कोट्यवधी पट.

या प्रचंड तफावतीचे कारण इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांत, म्हणजे पदार्थात त्यांना घेता येणाऱ्या ऊर्जांच्या पट्ट्यांत आहे. धातूंमध्ये इलेक्ट्रॉनांना मोकळ्या ऊर्जापातळ्या लगतच उपलब्ध असतात. सिलिकॉनमध्ये मात्र भरलेला पट्टा आणि वरचा रिकामा पट्टा यांत सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे (हे ऊर्जेचे अतिसूक्ष्म एकक) अंतर असते, तर हिऱ्यात ते सुमारे ५.५ असते. त्यामुळे तापमान वाढले की धातूचा रोध वाढतो, कारण अणूंची कंपने इलेक्ट्रॉनांना अडवतात. शुद्ध अर्धवाहकाचा रोध उलट घटतो, कारण अधिक इलेक्ट्रॉन ते अंतर ओलांडतात. सिलिकॉनच्या दहा लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू मिसळला तरी त्याची वाहकता लक्षावधी पटींनी वाढते, आणि डायोड, ट्रान्झिस्टर ही सारी उपकरणे अशा मोजून केलेल्या भेसळीवरच उभी आहेत. अतिवाहक हा याहून निराळा वर्ग आहे: १९११ मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांना सुमारे ४.२ केल्विनला पाऱ्याचा रोध नाहीसा झालेला आढळला.

पदार्थाचा वर्ग परिस्थितीपासून तोडून सांगता येत नाही, आणि शालेय मांडणीत नेमकी हीच बाब मागे पडते. ठाणे खाडीच्या काठाने, कळवा-ऐरोली पट्ट्यात, उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे उभे आहेत. त्यांवरील चिनीमातीच्या इन्सुलेटरला एकाखाली एक घेर दिलेले असतात. पृष्ठभागावरून गळणाऱ्या प्रवाहाचा मार्ग त्यामुळे लांबतो आणि घेरांची खालची बाजू कोरडी राहते. खाडीवरच्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ आणि रस्त्यावरची धूळ या घेरांवर साचते. कोरडे असेपर्यंत हा थर फारसा त्रास देत नाही, पण धुके किंवा हलकी रिमझिम आली की मीठ विरघळते, ओला थर वाहक बनतो, चरचर आवाज करत ठिणग्या उडू लागतात आणि प्रसंगी पृष्ठभागावरूनच प्रवाहाची झेप जाऊन वाहिनी बंद पडते. आतली चिनीमाती या सगळ्या वेळात विसंवाहकच असते. मुसळधार पाऊस हा थर धुऊन काढतो, म्हणून धो-धो पावसापेक्षा मोसमातील पहिली भुरभुर अधिक धोक्याची ठरते. अशा जागी इन्सुलेटर वेळोवेळी धुतात किंवा सिलिकॉन रबराचे बसवतात. त्यांवर पाण्याचा सलग थर न होता सुटे थेंब राहतात. वापर आणि उन्हाने हा गुण हळूहळू उणावतो, त्यामुळे त्यांचीही नियमित तपासणी करावी लागते.