उपक्रम की प्रयोग? चर्चच्या कमिटीत होणारी गल्लत

पुण्यातल्या जुन्या मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहांमध्ये, 'यंदा काहीतरी नवीन करूया' असं कुणी म्हटलं की कमिटीच्या वहीत 'नवीन उपक्रम' अशी नोंद होते. महिनाभराने त्यालाच कुणी 'आमचा प्रयोग' म्हणतं. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि माझ्या मते त्याचा फटका आपल्याला बसतो.

उपक्रमात काय होणार हे आधीच माहीत असतं. कॅरल सिंगिंग, महिला मंडळाची सहल, प्रोजेक्टरवर गीतांचे शब्द. पार पडलं की झालं. मंडळी अशाच कामांवर उभी असते, त्यात कमीपणा नाही.

प्रयोगात उत्तर माहीत नसतं. म्हणून प्रश्न आणि मुदत आधी लिहून ठेवावी लागते. हिंजवडीत नोकरी करणारी आमची मुलं रात्रपाळीमुळे रविवारी सकाळच्या उपासनेला येईनात. आम्ही वाकडच्या एका फ्लॅटवर बुधवारी रात्री प्रार्थना ठेवली. सतरंजी, पेटी आणि कुकरभर खिचडी. मुदत ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत, सात आठवडे. प्रश्न एवढाच, की रविवारी न येणारं कुणी इथे येतं का? चौथ्या बुधवारी दारात नऊ जोड चपला होत्या. त्यातले सात जण रविवारचेच.

खरा फरक कळतो तो थांबवायच्या वेळी. उपक्रम बंद पडला की मंडळीचं नाव जातं, म्हणून तो रेटला जातो. प्रयोग मात्र मुदत संपली की थांबतो, आणि त्यात कुणाची मानहानी नसते. जोखीम कुणाच्या डोक्यावर, हेही बघायला हवं. फसलं की बोट पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) जातं आणि पुढच्या बदलीपर्यंत ते पुन्हा काही सुचवत नाहीत. निर्णय कमिटीचा असेल तर ठरावात तसं लिहावं, सह्या सगळ्यांच्या घ्याव्यात.

आपल्याकडे याहून कितीतरी मोठी जोखीम घेणारा माणूस होऊन गेला. 1895 साली बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्या कवी नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणाची भजनं लिहिली, आणि 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज मांडला. बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांत, 1919 साली, टिळक गेले. दरबार फार टिकला नाही. त्यांची भजनं मात्र आपण अजून गातो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

वाकडची सतरंजी आम्ही सातव्या बुधवारी गुंडाळली. न येणाऱ्यांपैकी जे दोघे आले होते, त्यांनाच विचारलं. एक जण म्हणाला, "काका, आमची शिफ्ट बुधवारी रात्री दहाला लागते. पाचला भेटा ना." पुढच्या मीटिंगच्या वहीत तेवढंच लिहिलंय : संध्याकाळी पाच, सहा आठवडे, कोण येतं?