कवळीचे मऊ अस्तर

कवळीच्या हिरडीकडील बाजूस चिकटवलेला लवचीक थर. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, खालच्या जबड्यात अधिक. उरलेली कड सुरीसारखी निमुळती झाली, की घास चावताना हाड आणि कवळीचे कडक ॲक्रिलिक (एक प्रकारचे प्लास्टिक) यांच्यामध्ये हिरडी चिमटते. अशा रुग्णासाठी साधारण २ ते ३ मिमी जाडीचे अस्तर देतात. थर जाड केला तर कवळी तेवढीच पातळ होते व मोडण्याचा धोका वाढतो.

अस्तर ॲक्रिलिकचे किंवा सिलिकोनचे असते. ॲक्रिलिक अस्तराला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे, म्हणजे प्लास्टिक लवचीक करणाऱ्या द्रव्यामुळे. कवळीही बहुधा पॉलिमेथिल मेथाक्रिलेट या ॲक्रिलिकचीच असल्याने दोघांची जात जुळते आणि सांधा चांगला धरतो. मात्र प्लास्टिसायझर लाळेत झिरपत राहतो, पाणी आत शिरते आणि काही महिन्यांत अस्तर कडक होऊ लागते. सिलिकोनचे उलट आहे. त्याचा मऊपणा अंगचाच, म्हणून तो बराच टिकतो. पण ॲक्रिलिकशी त्याचा रासायनिक बंध होत नाही. सारी भिस्त मधल्या चिकटद्रव्यावर. म्हणून सिलिकोन बहुधा कडेने सुटते. आधी नखाचे टोक जाईल एवढी फट पडते, तिच्यात अन्नकण अडकतात, कँडिडा ही बुरशी वाढते आणि कवळीला वास येऊ लागतो.

पृष्ठभाग खरबरीत केला की पकड वाढेल, ही समजूत सरसकट खरी नाही. वाळूचा मारा केल्यावर बंध उलट कमजोर झाल्याचेही प्रयोगांत दिसले आहे. खाचांत अस्तर नीट भरले नाही, तर तिथेच ताण एकवटतो.

प्रयोगशाळेत नमुने ५ व ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आलटूनपालटून बुडवतात आणि मग ओढून तोडतात. ०.४४ मेगापास्कल (दाब व ताण मोजण्याचे एकक) बंधबल, म्हणजे सांधा तुटेपर्यंत सोसलेला ताण, पुरेसे, असा आकडा वारंवार दिला जातो. बहुतेक सिलिकोन तो सहज ओलांडतात, तरी तोंडात सुटतात. तोंडात अस्तर सरळ ओढले जात नाही, कडेपासून सोलले जाते. त्यामुळे सोलून पाहण्याची चाचणी वास्तवाला अधिक जवळची वाटते.

ताठ केसांच्या ब्रशने अस्तर ओरखडते आणि गरम पाण्याने कवळीचा आकार बिघडू शकतो. त्यामुळे मऊ ब्रश व साधे पाणी बरे. भिजवण्याचे द्रावण दंतवैद्याला विचारूनच घ्यावे. सुटलेली कड घरातल्या झटपट गोंदाने चिकटवू नये. तो थर कडक होऊन हिरडीला टोचतो आणि पुढे नवे अस्तर घालताना दंतवैद्याला आधी तोच खरवडून काढावा लागतो.