आधी व्होल्टेज उतरवा, मग कूलर बघा

नवा कॉम्प्युटर जोडला, चांगला कूलर बसवला, आणि व्हिडिओ रेंडरला लावल्यावर प्रोसेसरचं तापमान ९५ अंशांवर गेलं की छातीत धस्स होतं. पहिला संशय थर्मल पेस्टवर, दुसरा कूलरवर. पण २०२२ साली आलेल्या एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले वरच्या दर्जाचे प्रोसेसर बनवलेच असे आहेत, की पूर्ण भार आला की ते ९५ अंशांपर्यंत वेग वाढवत नेतात. त्यांच्यावर आणखी महागडा कूलर चढवला तरी मिळालेली मोकळीक ते थोडा जास्त वेग घेण्यात उडवून टाकतात. त्यामुळे उष्णता बाहेर कशी काढायची यापेक्षा ती मुळात एवढी तयार का होते, ते आधी पाहावं.

चिपमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना जी वीज खातात, ती शेवटी सगळी उष्णताच होते. हा खर्च क्लॉकच्या, म्हणजे चिपच्या वेगाच्या, सरळ प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. १.३० व्होल्टवर चालणारी चिप त्याच वेगाने १.१७ व्होल्टवर चालली, तर व्होल्टेज १० टक्केच उतरतं, पण हा खर्च १९ टक्क्यांनी घटतो. उलट, शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज भरपूर चढवावं लागतं. तुलनेच्या तक्त्यात वरचा नंबर मिळावा म्हणून कंपन्या चिप नेमक्या याच खड्या चढावर नेऊन विकतात, असं माझं मत आहे. रायझन ९ ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत वीज ओढतो. बायॉसमधल्या (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमधल्या) इको मोडने त्याला १४२ वॅटवर बांधलं, तर कमाल खर्च ३८ टक्क्यांनी उतरतो. रेंडरिंग किंचित मंदावतं आणि गेममध्ये फरक सहसा जाणवतही नाही.

दुसरी बचत कारखान्याच्या सावधगिरीत दडलेली असते. एकाच वेफरवरच्या (ज्या सिलिकॉनच्या चकतीतून चिप कापतात तिच्यावरच्या) चिपही अगदी सारख्या निपजत नाहीत, आणि वयाबरोबर त्यांची व्होल्टेजची गरज थोडी वाढते. म्हणून कंपनी सगळ्यांनाच वाढत्या अंगाचे कपडे शिवते. आपल्या चिपला ते किती ढगळ होतात, हे आपणच मापून पाहायचं. रायझनमध्ये बायॉसच्या कर्व्ह ऑप्टिमायझर या व्होल्टेज कमी-जास्त करायच्या सोयीत जाऊन ‘ऑल कोअर्स’ (कोअर म्हणजे प्रोसेसरमधलं स्वतंत्रपणे काम करणारं एकक), ‘निगेटिव्ह’ निवडायचं आणि १० पासून सुरुवात करायची. व्होल्टेज उतरतं, तापमान घटतं, आणि वाचलेल्या विजेत चिपला उलट जरा जास्त क्लॉक धरता येतो. थंड आणि वेगवान, दोन्ही एकदम!

गोम चाचणीत आहे. सिनेबेंच हा प्रोसेसरवर भार टाकणारा चाचणी-प्रोग्राम अर्धा तास सुरळीत चालला म्हणून खूश होऊ नये. सगळे कोअर राबत असताना क्लॉक खाली असतो. एखादाच कोअर क्षणभर कमाल वेगाला जातो तो हलक्या कामात, आणि उतरवलेलं व्होल्टेज तेव्हाच अपुरं पडू शकतं. म्हणून रात्रभर रेंडर करणारा कॉम्प्युटर सकाळी ईमेल वाचताना रीस्टार्ट होतो. त्यासाठी कोअरसायक्लरसारखं, एकेक कोअर तपासणारं साधन वापरावं, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया’ (WHEA, म्हणजे हार्डवेअरमधल्या चुकीची नोंद) त्रुटी दिसली की दोन-चार आकडे मागे यावं.

व्होल्टेज कमी केल्याने चिप खराब होत नाही. फार तर कॉम्प्युटर अडखळतो. जास्त व्होल्टेजचं तसं नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर झाले, तेव्हा चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचं २०२४ मध्ये निष्पन्न झालं आणि कंपनीला मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतला नियंत्रक प्रोग्राम, बदलावा लागला. त्या अपडेटने बिघाड टळतो, पण आधीच झिजलेली चिप सुधारत नाही.

धूळ, पंख्यांची दिशा वगैरे आहेच. जाळी पुसायला खर्च नाही. खोलीचा हिशोब मात्र सरळ आहे: नागपूरच्या मे महिन्यात खोली २५ वरून ४० अंशांवर गेली, तर तेवढ्याच भाराला प्रोसेसरही साधारण १५ अंश वर जातो. म्हणून हे आकडे उन्हाळ्यातच ठरवावेत आणि कागदावर लिहून ठेवावेत, कारण बायॉस अपडेट केलं की ते बहुतेक वेळा पुसले जातात.