‘नॉर्मल’ सलाईन नॉर्मल कसे ठरले?

पेशी ज्या द्रवात बुडालेल्या असतात तो स्थिर राहिला तरच प्राणी बाहेरच्या जगात मोकळेपणाने वावरू शकतो, ही मांडणी १९व्या शतकात फ्रान्समध्ये झाली. तिला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव १९२०च्या दशकात अमेरिकेत मिळाले; आपण समस्थिती म्हणतो. तहान, मूत्रपिंडे आणि संप्रेरके ती कशी सांभाळतात हे वाचकांना ठाऊकच आहे. ती ढासळल्यावर शिरेतून काय द्यायचे, याचा इतिहास मात्र ‘नॉर्मल सलाईन’ या एका नावात अडकून पडला आहे.

१८३२च्या कॉलऱ्याच्या साथीत स्कॉटलंडमधल्या एका डॉक्टरने मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. त्यात मिठाबरोबर सोडाही होता. आजच्या सलाईनमधल्या मिठाचा ०.९ टक्क्यांचा आकडा तिथून आलेला नाही. तो शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये झालेल्या प्रयोगांतून आला. तांबड्या पेशी वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत टाकायच्या आणि कुठल्या द्रावणात त्या फुटतात ते पाहायचे, असे ते प्रयोग. माणसाला हेच पाणी लिटरच्या हिशेबाने दिले तर काय होईल, हा प्रश्न त्यांत नव्हताच.

तरीही त्याला ‘नॉर्मल’ म्हटले गेले. रसायनशास्त्राच्या अर्थाने मिठाच्या नॉर्मल द्रावणात लिटरला ५८.५ ग्रॅम मीठ लागते. सलाईनमध्ये असते ९ ग्रॅम. रक्ताशी ताडून पाहिले तरी नाव टिकत नाही. सलाईनमध्ये सोडियम आणि क्लोराइड दोन्ही लिटरला १५४ मिलिमोल. रक्तद्रवात सोडियम १४०च्या आसपास, क्लोराइड जेमतेम १००. पोटॅशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट यांचा सलाईनमध्ये पत्ताच नाही. रक्ताशी खरोखर जुळतो तो फक्त परासरण दाब (पेशीत पाणी आत-बाहेर ओढणारा दाब), तोही साधारणपणे. जास्तीच्या क्लोराइडने रक्त आम्लाकडे झुकते हे माहीत असूनही नावातल्या विश्वासाने शंकेला फार काळ जागा दिली नाही, असे मला ठामपणे वाटते.

पर्याय नव्हता असेही नाही. १८८०च्या दशकात लंडनमध्ये बेडकाचे हृदय नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात धडधडत राहिले, ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात मंदावले. त्यावरून कॅल्शियमचे महत्त्व कळले. १९३०च्या दशकात त्या द्रावणात लॅक्टेटही आले; शरीरात त्याचे बायकार्बोनेट होते. रक्ताच्या घडणीच्या जवळ जाणाऱ्या अशा द्रवांना संतुलित द्रव म्हणतात.

सलाईन की संतुलित द्रव, ही खरी खडाजंगी गेल्या दशकातली. २०१८मध्ये अमेरिकेत अतिदक्षता विभागांतल्या १५,८०२ रुग्णांवरच्या चाचणीत मृत्यू, डायलिसिस किंवा मूत्रपिंडाची टिकून राहिलेली हानी यांपैकी काहीतरी सलाईन घेणाऱ्या १५.४ टक्के रुग्णांत दिसले, संतुलित द्रव घेणाऱ्या १४.३ टक्क्यांत. २०२१ आणि २०२२च्या मोठ्या चाचण्यांत मृत्यूंमध्ये ठोस फरक आढळला नाही. मेंदूला मार लागलेल्या रुग्णांत तर सलाईनच बरे, असा कल आहे.

तोंडाने द्यायच्या जलसंजीवनीचे सूत्र मात्र २००२मध्ये बदलले: लिटरमागे सोडियम ९० मिलिमोलवरून ७५वर आणि विरघळलेल्या सगळ्या घटकांची एकूण तीव्रता ३११वरून २४५वर आली. सलाईनच्या बाटलीत अजून तेच ९ ग्रॅम आहेत.