सायक्लोक्रॉस आणि ग्रॅव्हल: सायकल दिसते सारखी, रेस मात्र अजिबात सारखी नाही

ड्रॉप हँडलबार, खाचांचे टायर, डिस्क ब्रेक आणि सगळीकडे चिखल उडालेला. फोटोत बघितलं तर सायक्लोक्रॉसची सायकल कुठली आणि ग्रॅव्हलची कुठली हे पटकन कळतच नाही, त्यामुळे नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, "यातली कुठली घेऊ?" मला वाटतं आधी दोन्ही रेस नीट समजून घ्या, सायकलचं नंतर बघू, कारण रेस कळली की सायकल तशी का बनवलीय ते आपोआप कळतं आणि बऱ्याचदा नवीन घ्यायची गरजच नाही हेही कळतं.

ग्रॅव्हल म्हणजे लांबचा पल्ला. खडी, कच्चे रस्ते, रानातल्या वाटा, आणि तासन् तास सीटवर बसून राहायचं. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरियाला अनबाउंड नावाची रेस होते, तिचं सगळ्यात गाजलेलं अंतर २०० मैल, म्हणजे जवळपास ३२० किमी. तिथे खाणंपिणं चुकलं, पंक्चर काढता आलं नाही किंवा पहिल्या दोन तासांत जोर जास्त लावला तर दिवस गेला.

सायक्लोक्रॉस याच्या उलट. अडीच ते साडेतीन किमीचा छोटा लूप, त्याचेच फेरे मारायचे, मोठ्या पातळीवर पुरुषांची रेस साधारण तासाभराची, महिलांची ५० मिनिटांच्या आसपास, आणि नवशिक्यांची बहुतेक ठिकाणी ३०-४० मिनिटांत संपते. पण त्या लूपमध्ये गवत, चिखल, वाळू, तिरके उतार, जिने सगळं कोंबलेलं असतं आणि जमिनीपासून ४० सेंमीपर्यंत उंच अशा दोन फळ्या आडव्या लावलेल्या असतात, ज्यांना बॅरिअर म्हणतात. बहुतेक लोक तिथे चालत्या सायकलवरून उतरतात, सायकल उचलून पळतात आणि परत उडी मारून बसतात. हे उतरणं-चढणं हाच या खेळाचा जीव आहे. ग्रॅव्हलमध्ये उतरावं लागलं म्हणजे काहीतरी बिनसलं, इथे उतरणं हे रेसचंच काम आहे.

आता सायकल. क्रॉसच्या, म्हणजे सायक्लोक्रॉसच्या सायकलला यूसीआयच्या (सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या) नियमाने टायर ३३ मिमीपेक्षा रुंद चालत नाही, फ्रेममध्ये चिखलाला जागा भरपूर, हँडल चटकन वळणारं, आणि फ्रेमचा त्रिकोण मोकळा, म्हणजे खांदा आत घालून सायकल उचलता येते. बाटलीची जाळी लोक काढूनच टाकतात, तासाभरात पाणी प्यायला उसंत नसते आणि ती खांद्याला टोचते. ग्रॅव्हलची सायकल लांब, स्थिर, टायर ४० मिमी किंवा जास्त, बाटल्या-पिशव्या लावायला जागोजागी स्क्रूची भोकं, आणि दमल्यावर चढ चढता यावा म्हणून खूप हलके गियर. पण क्रॉसच्या पहिल्या रेससाठी ग्रॅव्हलची सायकल अगदी चालते, बऱ्याच ठिकाणी नवशिक्यांच्या गटात माउंटन बाईकसुद्धा घेतात, आयोजकांना टायरच्या रुंदीचं फक्त एकदा विचारा, जाळ्या काढा आणि जा. पहिल्या सीझनला क्रॉसची वेगळी सायकल घेऊ नका असंच मी सांगेन, ते पैसे चांगल्या टायरवर घाला.

टायरवरून आठवलं, हवेचा मुद्दा इतका मोठा आहे की नवीन माणसाला सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. रस्त्याच्या सवयीने लोक हवा टम्म भरतात आणि मग ओल्या गवतावर प्रत्येक वळणाला घसरतात. ६५-७० किलोच्या माणसाने ३३ मिमी ट्यूबलेस टायरला २५ पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) सुरुवात करावी, मग ट्रॅकवर एक फेरा मारून एकेक पीएसआय कमी करत जावं, मुळावर-दगडावर रिम टेकायला लागली की थोडी वाढवायची. आत ट्यूब असेल तर एवढं खाली जाऊ नका, ट्यूब चिमटून पंक्चर होते. ग्रॅव्हलला हवा सकाळी एकदा ठरवली की दिवसभर तीच, क्रॉसमध्ये पाऊस आला की पुन्हा गेज हातात.

आता उतरणं-चढणं, कारण हे घरी बसून वाचून येत नाही पण आधी समजलेलं बरं. बॅरिअरच्या आधी उजवा पाय पेडलवरून सोडवून सीटच्या मागून डावीकडे आणायचा, म्हणजे तुम्ही डाव्या पेडलवर एका बाजूला उभे, उजवा हात फ्रेमच्या वरच्या नळीवर, मग डावा पाय सोडवायचा आणि पळत जमिनीवर. डावा हात ब्रेकवर राहतो, त्यामुळे तुमच्या सायकलला डावीकडे पुढचा ब्रेक आहे की मागचा हे आधी बघून घ्या, पुढचा असेल तर जोरात दाबू नका, सायकल मागून उचलली जाते. परत बसताना डाव्या पायाने रेटा द्यायचा आणि उजव्या मांडीच्या आतल्या बाजूवर अलगद येऊन सीटवर सरकायचं, वरून धपकन बसायचं नाही. जवळपास प्रत्येक जण सुरुवातीला बसायच्या आधी एक जास्तीची छोटी उडी मारतो, भीतीने, आणि तिथे वेग जातो. यावर उपाय एकच, मऊ गवतावर चालण्याच्या वेगात वीस-पंचवीस वेळा करा, फळीबिळी काही नको, मग हळूहळू वेग वाढवा. मला स्वतःला हे नीट जमायला काही आठवडे लागले आणि एकदा जमल्यावर जो आनंद झाला तो कुठल्या लांब राइडला झाला नव्हता.

ट्रेनिंगही वेगळं. ग्रॅव्हलसाठी लांब, निवांत वेगाच्या राइड आणि तासाला ६०-९० ग्रॅम कार्ब पोटात टिकवायची सवय. क्रॉसमध्ये प्रत्येक वळणातून बाहेर पडताना पूर्ण जोर, मग ब्रेक, परत जोर, नाडी सुरुवातीला वर जाते ती शेवटपर्यंत खाली येत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा ३० सेकंद जोरात, ३० सेकंद हलकं असं दहा वेळा, असे दोन-तीन सेट, आणि एकदा उभ्या जागेवरून २० सेकंदांच्या फुल सुटण्याची प्रॅक्टिस. पळण्याची सवय नसेल तर आठवड्यातून दोनदा १०-१५ मिनिटं हळू पळा, पोटऱ्या आधी तयार होऊ द्या, थेट चढावर धावाल तर दुखापत ठरलेली. एवढंच.

म्हणून दोन्ही एकमेकांचे शत्रू आहेत असं नाही. ग्रॅव्हलची पहिली यूसीआय वर्ल्ड चॅम्पियनशिप २०२२ ला इटलीत झाली, आणि २०२४ ला बेल्जियममधल्या लूव्हेनला ती जिंकली माथ्यू व्हॅन डर पूल आणि मारियान व्हॉस यांनी, दोघंही सायक्लोक्रॉसचे अनेक वेळचे वर्ल्ड चॅम्पियन. क्रॉसची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९५० पासून चालू आहे, ग्रॅव्हल त्या मानाने अगदी नवीन. माझं मत असं की क्रॉसमध्ये शिकलेला सायकलवरचा ताबा ग्रॅव्हलमध्ये लगेच कामी येतो, उलट मात्र तेवढं होत नाही, नुसत्या लांब राइड करून आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांतच धापा टाकतो.

क्रॉसच्या पहिल्या रेसच्या दिवशी लवकर जा आणि सुरू होण्याआधी ट्रॅकचे दोन-तीन फेरे मारा, अवघड जागा थांबून परत करून बघा. सुरुवातीला मागे उभे राहा, पहिल्या वळणाची गर्दी टळते. वाळूत शिरताना आधीच वेग आणि हलका गियर, हात सैल, नजर लांब, पेडल थांबवायचं नाही, पण पळत जाणं जास्त वेगाचं वाटलं तर बिनधास्त उतरा. पुढचे लोक एक फेरा जास्त मारून तुमच्या मागून आले की आपली लाइन सरळ ठेवा, एकदम बाजूला वळू नका, ते स्वतः काढून घेतात. आणि दोन्ही करायचं असेल तर सोय पण आहे, युरोपात क्रॉसचा सीझन सप्टेंबर ते फेब्रुवारी असतो, म्हणजे उन्हाळाभर ग्रॅव्हलच्या लांब राइड करायच्या आणि ऑगस्टमध्ये तीच सायकल घेऊन, बाटलीच्या जाळ्या काढून, गवतावर उतरायची प्रॅक्टिस सुरू करायची.