हळद घरची, पण कॅप्सूल?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो, तेव्हा खरेदीदार पोत्यातले हळकुंड मोडून आतला रंग पाहतो आणि मगच भाव बोलतो. हरिपूरच्या पेवांत साठवल्या गेलेल्या, 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या हळदीवर आपला विश्वास आहे, आणि तो रास्तच आहे. मात्र तोच विश्वास आपण हळदीच्या कॅप्सूललाही न तपासता बहाल करतो, हे मला चिंताजनक वाटते.

दळलेल्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा आणि गुणकारी मानला जाणारा घटक, साधारण 3 टक्के असतो. चौघांच्या आमटीत अर्धा चमचा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम हळद पडली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 11 मिलिग्रॅम कर्क्युमिन येते. 95 टक्के कर्क्युमिन असलेल्या अर्काच्या 500 मिलिग्रॅमच्या एकाच कॅप्सूलमध्ये ते 475 मिलिग्रॅम असते. एरवी आतडे आणि यकृत कर्क्युमिनचे रूपांतर करून ते चटकन बाहेर टाकतात, म्हणून अनेक उत्पादनांत मिऱ्यातले पायपेरिन घालून ही क्रियाच मंदावली जाते. बेंगळुरूच्या संशोधकांनी 1998 साली पायपेरिनमुळे माणसांत कर्क्युमिनची शरीरातील उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढल्याचे नोंदवले. जाहिरातींत हा आकडा अभिमानाने मिरवतो. पण इतके कर्क्युमिन महिनोन्‌महिने पोटात गेल्यास यकृताचे काय होते, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही.

अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी 2022 साली हळदीच्या पूरकांशी, म्हणजे अशा कॅप्सूलसारख्या सप्लिमेंट्सशी, निगडित 10 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी 5 जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. 7 जणांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला, म्हणजे हा धोका सर्वांना सारखा नसावा. पण तो आपल्याला आहे की नाही, हे कॅप्सूल घेणाऱ्याला कळण्याचा सोपा मार्ग नाही.

नव्या औषधाला बाजारात येण्यापूर्वी माणसांवरील चाचण्यांतून परिणाम आणि सुरक्षितता सिद्ध करावी लागते. पूरके मात्र आपल्याकडे 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली, म्हणजे अन्न म्हणून येतात. त्यांतील घटक आणि मात्रा यांवर नियम आहेत, पण प्रत्येक उत्पादनाची अशी चाचणी विक्रीपूर्वी बंधनकारक नाही. अमेरिकेतही 1994 च्या कायद्यापासून पूरकांना विक्रीपूर्व मंजुरी लागत नाही. डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि गुडघेदुखीवर म्हणून तीच डबी घरी येते. पुढे कावीळ झाल्यावर डॉक्टर ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारतात, तेव्हा तिचे नाव सांगावे असे रुग्णाच्या मनातही येत नाही, कारण ती हळदच तर असते.