अमेरिकेतील परिचर्या शिक्षण आणि अल्पसंख्याक विद्यार्थी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कृष्णवर्णीय, मूळनिवासी, हिस्पॅनिक इ. समाजांतील विद्यार्थ्यांना परिचारिकेचे शिक्षण मिळावे आणि ते मध्येच सुटू नये, यासाठी झालेले प्रयत्न. प्रवेशाइतकाच शिक्षण पुरे होण्याचा प्रश्न येथे मोलाचा आहे. जे उपक्रम खऱ्या अर्थाने उपयोगी पडले, त्यांनी विद्यार्थिनीच्या पोटापाण्याचाही विचार केला होता.

मेरी एलायझा महोनी यांनी १८७९ मध्ये बॉस्टनच्या न्यू इंग्लंड रुग्णालयात प्रशिक्षण पूर्ण केले. अमेरिकेतील पहिली प्रशिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका म्हणून त्या ओळखल्या जातात. तरीही बहुतेक परिचर्या शाळा कृष्णवर्णीयांना बंदच राहिल्या. शिकागोत एमा रेनल्ड्स यांना केवळ वर्णामुळे प्रवेश मिळेना, तेव्हा त्यांच्या धर्मोपदेशक भावाने शल्यचिकित्सक डॅनियल हेल विल्यम्स यांच्याकडे धाव घेतली. विल्यम्स यांनी १८९१ मध्ये प्रॉव्हिडंट रुग्णालय उभारले व त्याला जोडून परिचर्या शाळाही काढली. एका मुलीच्या अडवणुकीतून अनेकींची सोय झाली.

प्रशिक्षण झालेल्यांनाही भेदभाव सोसावा लागे. म्हणून मार्था फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये कृष्णवर्णीय परिचारिकांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे अमेरिकन नर्सेस असोसिएशन या परिचारिकांच्या मुख्य राष्ट्रीय संघटनेचे सभासदत्व राज्य संघटनांमार्फत मिळू लागले आणि दक्षिणेकडील संघटना कृष्णवर्णीयांना घेत नसत. अशा काळात मेबल स्टॉपर्स यांनी ही स्वतंत्र संघटना खंबीरपणे चालवली. शिक्षिका घडवणेही तितकेच निकडीचे होते. एस्टेल मॅसी ऑस्बोर्न यांनी रोझेनवाल्ड निधीच्या शिष्यवृत्तीवर १९३१ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून पदव्युत्तर पदवी मिळवली.

सर्वांत मोठा बदल दुसऱ्या महायुद्धाने घडवला. १९४३ च्या बोल्टन कायद्याने कॅडेट नर्स कोअर ही योजना आली. शिक्षणशुल्क, पुस्तके, गणवेश व दरमहा विद्यावेतन सरकार देई आणि वंश, धर्म वा वर्णावरून भेदभाव करण्यास कायद्यानेच मनाई होती. सुमारे ३,००० कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना तिचा लाभ झाला. मात्र त्यांतील बऱ्याच जणी कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या शाळांतच शिकल्या. पैसा आला तरी विलगता सरली नव्हती.

ॲरिझोनातील गानाडो येथे, नवाहो लोकांच्या प्रदेशात, सेज मेमोरियल रुग्णालयाची परिचर्या शाळा १९३० ते १९५१ पर्यंत चालली. मूळनिवासी मुलींना आपल्या मुलखाजवळ राहून शिकता येणे हीच तेथे मोठी मदत होती.

आज सार्वजनिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८२१ खाली वंचित पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी संस्थांना अनुदान मिळते. त्यातून शिष्यवृत्ती, विद्यावेतन, प्रवेशपूर्व तयारी आणि शिक्षण टिकवण्याचे उपक्रम चालतात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला रुग्णालयातील प्रात्यक्षिकांच्या ठरलेल्या पाळ्या अवघड जातात. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्याला परवाना परीक्षेतील लांबलचक इंग्रजी प्रश्न अडवतात. अशा वेळी नुसती फीमाफी पुरत नाही. सोबतीला ज्येष्ठ परिचारिकेचे मार्गदर्शन आणि नियमित शिकवणी लागते. आपल्या समाजातील अध्यापक वर्गात असणेही विद्यार्थ्याला बळ देते. असे अध्यापक व संशोधक तयार व्हावेत म्हणून १९७४ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या अल्पसंख्याक अधिछात्रवृत्तीने परिचारिकांच्या डॉक्टरेटच्या अभ्यासाला साहाय्य केले.